कचऱ्याची पिशवी आणि ती उघडणारे हात

पर्यावरणाचा विचार आता मध्यमवर्गीय स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोचला आहे, ही गोष्ट स्वागतार्ह खरीच. किराणा दुकानात कचऱ्याच्या पिशव्यांचे भेंडोळे मागताना 'काळ्या नकोत, पर्यावरणाला पूरक अशा द्या' असे सांगणारे गिऱ्हाईक आता दुर्मिळ राहिलेले नाही. दुकानदारही हिरव्या रंगाचे, वर पानाचे चित्र छापलेले आणि नेहमीच्या मालापेक्षा बरेच महाग असे भेंडोळे पुढे सरकवतो. गिऱ्हाईक ते घेऊन घरी येते आणि आपल्यापुरता प्रश्न सुटला असे मानते. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, प्रश्न सुटलेला तर नाहीच, तो अर्धाच विचारला गेला आहे. पिशवी कशाची बनली आहे एवढे आपण विचारतो. ती पुढे कोण उघडते, हे विचारायचे आपल्याला सुचत नाही.

आधी ही चाल आली कोठून ते पाहू. कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवण्याची पद्धत पाऊणशे वर्षांहून फारशी जुनी नाही. १९५० साली कॅनडातील विनिपेग शहरी हॅरी वासिलिक नावाच्या गृहस्थाने पॉलिथिनची कचऱ्याची पिशवी तयार केली. ती प्रथम योजली होती तेथील रुग्णालयासाठी. त्याच सुमारास ऑन्टारिओ प्रांतातील लिंडसे गावी युनियन कार्बाइडचा लॅरी हॅन्सन याच खटपटीत होता. कंपनीने हा शोध विकत घेतला आणि १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस 'ग्लॅड' या नावाने घरगुती पिशव्या बाजारात आणल्या. होय, तीच युनियन कार्बाइड, जिच्या भोपाळच्या कारखान्यातून डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री विषारी वायू सुटला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्याचा हेतू नाही. पण घाण नजरेआड करण्याची सोय विकणे आणि स्वतःच्या घाणीची जबाबदारी झटकणे, या दोन्ही विद्या एकाच घराण्यात नांदाव्यात हे नोंद घेण्याजोगे आहे.

त्याआधी आपल्याकडे पत्र्याचा डबा होता. भाजीची देठे-साले गोठ्यात किंवा परसातील खड्ड्यात जात, चुलीतली राख भांडी घासायला लागे, रद्दी आणि डबे-बाटल्या भंगारवाल्याकडे जात आणि उरलासुरला केर उकिरड्यावर पडे. त्या उकिरड्याचे गोडवे गाण्याचे मुळीच कारण नाही. तो उपसण्याचे काम समाजाने ज्यांच्या माथी जन्मानेच मारले होते, त्यांना तो काळ सोन्याचा वाटण्याचा संभव नाही. मुद्दा एवढाच की, पुढे पिशवी आली तेव्हा काम हलके झाले ते टाकणाऱ्याचे. उचलणाऱ्याच्या वाट्याला एक गाठ सोडण्याचे काम वाढले.

आपल्या शहरांत ही पिशवी प्रथम विकत घेतली गेली नाही, ती फुकट आली. भाजीवाल्याने, वाण्याने, मिठाईवाल्याने सामान घालून दिलेली पातळ पिशवी घरी आल्यावर कचऱ्याच्या डब्यात बसविली जाई. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली आणि तुंबलेल्या गटारांच्या निमित्ताने सर्वांची दृष्टी या पिशव्यांकडे वळली. मिठी नदीच्या पात्रात भराव घालणारे आणि खारफुटी तोडणारे यांच्या मानाने पिशवी हा फारच सोयीचा आरोपी होता. तिला वकील नव्हता. २००६ साली राज्याने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांना मनाई केली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने तर सरसकट बंदी आली आणि पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड ठरला. पाच हजार रुपये ही रक्कम हातगाडीवर कोथिंबीर विकणाऱ्या बाईच्या दृष्टीने काय असते, हे अधिसूचना लिहिणाऱ्यांना ठाऊक नसावे असे समजणे हाच त्यांच्याविषयीचा उदार तर्क होय. वेफर्स-बिस्किटांच्या चकचकीत वेष्टनांच्या कारखानदारांना मात्र सूट आणि मुदत यांची उणीव भासली नाही.

बंदीने फुकटची पिशवी गेली, पण डब्यात पिशवी घालण्याची सवय गेली नाही. मग जी वस्तू एकदा सामान वाहून आणून दुसऱ्यांदा कचरा वाहत होती, तिच्या जागी निव्वळ एकदाच वापरून टाकण्यासाठी बनविलेली नवी वस्तू आली. हे केवळ अनुमान नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अशाच बंदीचा अभ्यास रिबेका टेलर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ साली प्रसिद्ध केला. बंदीमुळे दुकानातल्या पिशव्यांचे सुमारे चार कोटी पौंड प्लास्टिक वाचले. पण विकतच्या कचरा-पिशव्यांचे सुमारे एक कोटी वीस लाख पौंड प्लास्टिक वाढले. चार गॅलनच्या छोट्या पिशव्यांचा खप तर दुपटीहून अधिक झाला. बंदी फुकट गेली असा याचा अर्थ नाही. वाचलेल्या प्लास्टिकपैकी तीन-दशांश मागच्या दाराने परत आले, एवढा याचा अर्थ निश्चित आहे. आपल्याकडचा हिशेब कोणी मांडायचा तो मांडो. रोज एक पिशवी म्हटली तरी शंभर बिऱ्हाडांच्या एका सोसायटीतून वर्षाला ३६,५०० पिशव्या बाहेर पडतात, हे गणित करायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

येथे हिरव्या पानाचे चित्र रंगमंचावर येते. पिशवीवर छापलेल्या शब्दांची थोडी चिकित्सा केली पाहिजे, कारण सगळा व्यापार त्या शब्दांवर चालतो. 'बायोडिग्रेडेबल' म्हणजे जैवविघटनशील. हा शब्द किती काळात, कोणत्या परिस्थितीत आणि शेवटी काय उरून, यांतले काहीच सांगत नाही. लाकडाची तुळईदेखील जैवविघटनशीलच असते. दुसरा प्रकार 'ऑक्सो'चा. त्यात साध्याच प्लास्टिकमध्ये असे द्रव्य मिसळतात की ऊन आणि हवा लागून त्याचा भुगा व्हावा. भुगा होतो, पण तो प्लास्टिकचाच भुगा. पिशवी दिसेनाशी होते, प्लास्टिक राहते, आणि आता ते कोणालाच वेचता येत नाही. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून या ऑक्सो प्लास्टिकवर बंदी घातली, ती याच कारणास्तव.

इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठात इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन या संशोधकांनी निरनिराळ्या पिशव्या जमिनीत पुरून, समुद्रात बुडवून आणि हवेत टांगून ठेवल्या. तीन वर्षांनी काढल्या तेव्हा जमिनीतली आणि समुद्रातली 'बायोडिग्रेडेबल' पिशवी बाजारहाट उचलून आणण्याइतकी धड होती. २०१९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातल्या 'कंपोस्टेबल' पिशवीची गोष्ट थोडी निराळी. ती समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली. जमिनीत मात्र सत्तावीस महिन्यांनंतरही होती, फक्त वजन घालताच फाटत होती.

'कंपोस्टेबल' या शब्दामागे निदान एक प्रमाण आहे. आपल्याकडे आयएस/आयएसओ १७०८८ हे ते मानक; त्यानुसार मालाची परीक्षा होते आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र असल्याखेरीज तो विकता येत नाही. राज्याच्या २०१८ च्या अधिसूचनेने घनकचरा हाताळण्यासाठी सूट ठेवली तीही या कंपोस्टेबल मालाला. मात्र ही परीक्षा होते कशी? सुमारे ५८ अंश सेल्सिअस उष्णतेत, ओलावा आणि हवा नीट राखून, सहा महिन्यांच्या आत नव्वद टक्के कार्बनाचे विघटन झाले पाहिजे. म्हणजे मोठ्या, नीट चालविलेल्या खत-प्रकल्पातील ढिगाची परिस्थिती. गॅलरीतल्या कुंडीत किंवा सोसायटीच्या विटांच्या हौदात ५८ अंश टिकून राहतात असे कोणी सांगेल, तर त्याने एकदा त्यात हात घालून पाहावा. शिवाय या पिशव्या मक्याच्या पिठाच्या म्हणून विकल्या जातात, तेही अर्धसत्यच. पुष्कळ मालात पिठूळ द्रव्याबरोबर पीबीएटी नावाचे पॉलिएस्टर असते आणि ते सहसा खनिज तेलापासूनच निघते. ते कुजते हे खरे. मक्याच्या कणसातून मात्र येत नाही.

तरीही समजा, पिशवी अस्सल आहे, प्रमाणपत्र खरे आहे, आणि आपण ती ओल्या कचऱ्याने भरून गाठ मारून दिली. पुढे काय होते? खत-प्रकल्पाच्या पट्ट्यावर किंवा ढिगाशी उभी असलेली बाई ही हिरवी पिशवी आणि बनावट हिरवी पिशवी यांत फरक कसा करणार? तिला सांगितलेले असते की प्लास्टिक दिसले की काढायचे. ती ते फाडते, आतला माल झटकते आणि पिशवी बाजूला फेकते. तेथून ती डेपोवर जाते, हवा नसलेल्या थराखाली दबते, आणि कुजलीच तर मिथेन सोडते. चुकून सुक्या मालात गेली तर पॉलिथिनच्या गोळ्यात मिसळून तो नासवते. ग्राहकाने जादा मोजलेले पैसे या ठिकाणी मातीत जातात; पिशवी जात नाही.

आता त्या हातांकडे येऊ. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून आणि सोलापूर-नगरच्या बाजूने पुण्यात जी माणसे लोटली, त्यांतल्या पुष्कळ स्त्रियांना शहराने एकच काम खुले ठेवले: उकिरड्यावरून कागद, काच, पत्रा वेचणे. त्यांपैकी बहुसंख्य दलित, हे निराळे सांगायला नको. १९९३ साली बाबा आढावांच्या आणि काही निष्ठावान कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. चोर म्हणून हटकल्या जाणाऱ्या या स्त्रियांनी महापालिकेकडून ओळखपत्रे मिळविली, वैद्यकीय विम्याचा हक्क मिळविला, आणि २००८ साली 'स्वच्छ' ही स्वतःची सहकारी संस्था काढून दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. महापालिकेच्या तिजोरीवर पगाराचा बोजा न टाकता, घराघरांतून मिळणाऱ्या शुल्कावर आणि सुक्या मालाच्या विक्रीवर त्या शहर चालवितात. कंत्राटदारांचा डोळा या कामावर कायम असतो, तो का, याचे उत्तर यातच आहे.

अशी एक बाई ढकलगाडी घेऊन सोसायटीच्या दाराशी उभी राहते, तेव्हा तिच्या दृष्टीने उघडी बादली आणि गाठ मारलेली पिशवी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बादली दिसते. तीत काय आहे ते डोळ्यांनी कळते, ती एका झटक्यात ओल्याच्या पिंपात पालथी होते. पिशवी आंधळी असते. तिच्यात फुटलेला पेला असेल, दाढीचे पाते असेल, आजीच्या इन्शुलिनची सुई असेल, बाळाचे लंगोट असेल. हे सर्व हात घातल्यावर कळायचे. गाठ घट्ट असली तर ती फाडावी लागते, आणि फाडताना आतले काळे पाणी अंगावर येते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करायला सांगितले. पिशवीला गाठ मारली की या नियमाचे पालन झाले की नाही हे कोणालाच कळू नये, अशी उत्तम सोय होते. काळी पिशवी तर यासाठीच जन्मलेली आहे. पातक झाकायला काळ्यासारखा रंग नाही.

याच महाराष्ट्रात आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैला-सफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून तुरुंगाधिकाऱ्यांशी झगडा मांडला होता, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले होते. सेनापती बापट पारनेरमध्ये पहाटे रस्ते झाडीत. त्या मंडळींइतके आपण व्हावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. आपण फक्त आपल्याच घरच्या भाताचे खरकटे आपल्या डोळ्यांना दिसू द्यावे, एवढीच अपेक्षा आहे. तीही आपल्याला जड जाते, हे या पिशवीच्या लोकप्रियतेचे खरे कारण आहे.

यावर आक्षेप येतात, आणि त्यांतले काही रास्त आहेत. पिशवी नसली तर डब्याला वास येतो, चिलटे होतात, डबा धुवावा लागतो. खरे आहे. पण वास येतो तो ओल्याला हवा न मिळाल्याने आणि त्यात पाणी साचल्याने. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राची चार पाने आडवी-उभी घातली, खरकटे निथळून टाकले, आणि रोजचे रोज दिले, तर वासाचे कारण पुष्कळसे उरत नाही. कागद ओल्या कचऱ्याबरोबरच खतात जातो. वर्तमानपत्रात भजी बांधू नयेत असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली बजावले ते योग्यच. भाजीची साले त्यात गुंडाळायला कोणाची हरकत नसावी. खाकी कागदाच्या नव्या पिशव्या विकत आणण्याचे मात्र कारण नाही. ब्रिटनच्या पर्यावरण विभागाने २०११ साली केलेल्या तुलनेत कागदी पिशवी तीनदा आणि सुती पिशवी १३१ वेळा वापरली तरच ती पातळ प्लास्टिक पिशवीहून हवामानाला कमी भारी ठरते, असे आढळले होते. कचऱ्याची कागदी पिशवी तीनदा कशी वापरणार? रद्दीचा कागद आधीच एकदा कामी आलेला असतो, हा त्याचा मोठा गुण.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. डबा धुणार कोण? नोकरी करून आलेल्या बाईच्या हाती आणखी एक काम द्यायचे, आणि त्याला पर्यावरण म्हणायचे, ही चलाखी आमच्या पुरोगामी घरांतही चालते. तेव्हा स्पष्टच सांगितले पाहिजे. ज्या घरात बादली धुण्याचे काम धुणे-भांड्याला येणाऱ्या बाईवर किंवा सुनेवर ढकलले जाणार असेल, त्या घरात काहीच बदललेले नाही. घरातल्या पुरुषाने सकाळी दाढीच्या आधी बादली विसळावी. दोन मिनिटांचे काम आहे, आणि त्यासाठी लागणारे पाणी दाढी करताना उघड्या ठेवलेल्या नळातून वाहून जाते त्याहून अधिक नसते.

सुक्या मालाला तर पिशवीची गरजच काय? तो ओला नसतो, त्याला वास नसतो. तांदळाचे रिकामे पोते दाराआड ठेवावे, आठवड्याने कचरावेचक बाईसमोर रिकामे करावे, पोते परत आणावे. दुधाच्या पिशव्या विसळून त्यात टाकल्या तर तिला भंगारात दोन पैसे अधिक मिळतात.

उरते ते तिसऱ्या प्रकारचे, आणि येथे पिशवीचा खरा विचार केला पाहिजे. सॅनिटरी नॅपकिन, बाळांचे आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचे लंगोट, जखमेच्या पट्ट्या. हे उघड्या बादलीत टाका असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. येथे आडोसा लागतो, आणि तो उघडणाऱ्याच्या रक्षणासाठी लागतो. 'स्वच्छ'च्या स्त्रिया स्वतः जुन्या वर्तमानपत्रांची छोटी पाकिटे करून याच कामासाठी विकतात. नाहीतर घरीच कागदात गुंडाळून वर लाल शाईचा ठिपका द्यावा, म्हणजे हात घालणारीला आधीच कळते. आजाऱ्याच्या घरी दिवसाला चार-चार लंगोट बदलावे लागत असतील आणि कागद पुरत नसेल, तर खुशाल पिशवी घ्यावी; तीही पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकची असली तर बरे. त्याबद्दल कोणाला अपराधी वाटण्याचे कारण नाही.

अपराधी वाटायचेच असेल तर ते नॅपकिनच्या कारखानदारांना वाटू द्या. प्रत्येक नगाबरोबर टाकण्याचे पाकीट पुरवा, असे २०१६ च्या नियमांनी त्यांना बजावले. त्याच्या तीन वर्षे आधी, २०१३ साली, पुण्याच्या कचरावेचक स्त्रियांनी वापरलेल्या नॅपकिनांच्या पिशव्या भरून या कंपन्यांना परत पाठविल्या होत्या. आमच्या मते अलीकडच्या काळातले इतके नेमके निवेदन दुसरे झाले नाही. ज्याने माल केला त्याने तो निस्तरावा, हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात आले आहे. पण ते अमलात येते आहे की नाही हे पाहण्याऐवजी सरकार नागरिकाला घरच्या पिशवीचा रंग निवडायला बसवते. ग्राहकाने विवेकी व्हावे हे ठीकच. परंतु ग्राहकाचा विवेक हा कारखानदाराच्या जबाबदारीचा बदली कामगार होऊ शकत नाही.

आणि ज्यांच्या अंगणात हे सारे शेवटी जाऊन पडते त्यांना कोणी पिशवी निवडायला सांगितलेच नाही. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी पडला, तेथील विहिरी बिघडल्या, गावकऱ्यांनी गाड्या अडविल्या तेव्हा शहराला प्रथम जाग आली. मुंबईचे देवनार १९२७ पासून भरते आहे. जानेवारी २०१६ मध्ये ते पेटले तेव्हा धूर उपग्रहाला दिसला. गोवंडीच्या झोपड्यांतली माणसे तो त्याआधीही छातीत भरून घेत होती.

तेव्हा सोसायट्यांतील वाचकांना एक व्यावहारिक विनंती. ३० सप्टेंबरच्या आत प्रत्येक गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा होते, आणि तीत पाण्याची टाकी व पार्किंग यांवर दोन तास भांडण होते. या वर्षी त्या सभेत पुढील ठराव मांडावा. एक, ओला कचरा कोणत्याही पिशवीविना, उघड्या बादलीतून दिला जाईल. जिन्यात गाठ मारलेली पिशवी ठेवणाऱ्याचे नाव फलकावर लागेल. दोन, ओल्या कचऱ्याचे खत आवारातच केले जाईल आणि त्याची जागा पार्किंगमधून काढली जाईल. तीन, नॅपकिन-लंगोट कागदात गुंडाळून, लाल ठिपका देऊन निराळे दिले जातील. सुया आणि काच जाड डब्यात. चार, पिशव्यांवर होणारा प्रत्येक बिऱ्हाडाचा मासिक खर्च वाचेल, तो कचरा नेणाऱ्या बाईच्या शुल्कात वाढवून दिला जाईल, आणि तिला हातमोजे, साबण व हात धुण्यासाठी तळमजल्यावरचा नळ खुला राहील. पहिल्या तीन ठरावांना विरोध होणार नाही. चौथ्याला कोण विरोध करतो ते इतिवृत्तात नावानिशी नोंदवून घ्यावे.